हात न पोचणारे कॉक
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते बोटीच्या तळातल्या नळांविषयी. शिडाच्या बोटीवर बोलायचं म्हटलं की वारा, लाटा, क्षितिज असं काही ऐकायला मिळेल, असं तुम्हाला वाटलं असेल. पण वीस वर्षं एक जुनी बोट सांभाळल्यावर मी तुम्हाला खात्रीने सांगतो, की बोटीवरचा माणूस क्षितिजाकडे कमी बघतो. त्याचं डोकं बहुतेक वेळ कुठल्यातरी कपाटात असतं आणि पाय बाहेर असतात.

मी नोकरीने बँकेतला माणूस. 2006 साली आम्ही तीन मित्रांनी मिळून एक जुनी इंग्लिश बोट विकत घेतली. 29 फुटांची, फायबर ग्लासची, 1979 साली बांधलेली. मुंबई बंदरात ती नांगरलेली असे. अशा बोटीच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली, चक्क भोकं पाडलेली असतात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, त्यासाठी एक. संडासात पाणी आणण्यासाठी एक, तिथलं बाहेर टाकण्यासाठी एक. मोरीचं एक, बेसिनचं एक. सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेत पाणी साचू नये म्हणून दोन. आमच्या बोटीला अशी सात भोकं होती. प्रत्येक भोकावर एक कॉक असतो. त्याला सी-कॉक म्हणतात. कॉकपासून पुढे रबरी होज. होज फाटला, सुटला, तर कॉक बंद करायचा. एवढं साधं काम.

आता हा कॉक उघडाच राहिला तर काय होतं? पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटीमीटरवर दीड इंचाचं भोक असेल, तर मिनिटाला सुमारे 140 लिटर पाणी आत येतं. म्हणजे घरातलं 200 लिटरचं पिंप दीड मिनिटात भरेल. बोटीवरचा पंप कागदावर कितीही मोठा असला, तरी त्याची दमछाक होते. इंजिनाचं भोक लहान, पाऊण इंचाचं. त्यातूनही मिनिटाला सुमारे 35 लिटर येतंच.

आमचा इंजिनाचा कॉक इंजिनाच्या मागे होता, सुकाणूजवळच्या सामानाच्या खणाखाली. तिथे पोचायचं म्हणजे खणातले दोर, जॅकेटं, बादल्या बाहेर काढायच्या, पोटावर झोपून डोकं खाली घालायचं आणि डावा हात खांद्यापर्यंत आत सारायचा. दिसत काही नाही. बोटांनी चाचपडून दांडा शोधायचा. तिघांपैकी फक्त माझाच हात तिथे पोचत असे. आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता. "ते माझ्यावर सोडा," असं मी म्हणायचो. पहिली दोन वर्षं मी तो कॉक नेमाने फिरवला. मग महिन्याचे सहा महिने झाले. मग, होता तसा उघडाच ठेवला.

2011 सालच्या मार्चमधली गोष्ट. खांदेरीला जाऊन आम्ही परत येत होतो. खांदेरी ते गेटवे, साधारण तेरा सागरी मैल. बोटीवर मी, एक मित्र आणि माझी एकोणीस वर्षांची मुलगी. संध्याकाळी वारा पडला, म्हणून इंजिन लावलं. अंधार झाला. प्रॉन्ग्ज दीपगृहाचा दिवा दिसायला लागला आणि इंजिनाचा आवाज बदलला. बोटीच्या इंजिनाच्या धुराबरोबर पाणीही बाहेर थुंकलं जातं. ते थांबलं होतं. मी इंजिन बंद केलं आणि खाली गेलो, तर पायाखालच्या फळ्या पाण्यावर हलत होत्या.

पाणी चाखून पाहिलं. खारट. म्हणजे टाकी फुटलेली नाही, समुद्र आत येतोय. कुठून येतोय तेही लगेच समजलं. पण त्या हिवाळ्यात माझा डावा खांदा आखडला होता. हात कानाच्या वरसुद्धा जात नव्हता. वीस वेळा सांगितलेलं वाक्य मला आठवलं, "ते माझ्यावर सोडा."

मुलगी खणात उतरली. तोंडात टॉर्च, डोकं खाली. मी वरून सांगत होतो, "डावीकडे, अजून डावीकडे, दांडा लागेल." थोड्या वेळाने आतून आवाज आला, "बाबा, दांडा माझ्या हातात आलाय." लोखंडी दांडा गंजून तुटला होता. कॉक बंद होणार नव्हता. होज जिथे बसतो ती पितळी नळीही मोडून होजसकट बाजूला पडली होती. मी म्हटलं, "भोक सापडतंय का? अंगठा दाबून धर." आणि पाणी थांबलं.

श्रोतेहो, त्या रात्री मला कळलेली गोष्ट हीच. इतक्या खोलीवर पाण्याला जोर फार नसतो. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या अंगठ्याने ते थांबतं. अडचण जोराची नव्हतीच. अंगठा तिथे पोचण्याची होती.

पुढची दहा मिनिटं ती तशीच उलटी होती. लाकडाचं निमुळतं बूच बोटीवर होतं, पण ते हत्यारांच्या पेटीत तळाशी. ते शोधून काढलं, कापडाचा तुकडा गुंडाळून तिच्या हाती दिलं, तिने ते दाबून बसवलं. भरती आम्हाला आत नेत होती आणि आम्ही मोठ्या जहाजांच्या वाटेच्या अगदी जवळ. मित्राने उरल्यासुरल्या झुळुकीवर बोट बाजूला काढली आणि नांगर टाकला. रात्रभर आळीपाळीने हातपंप मारला. पहाटे मतलई वारा सुटला तेव्हा शीड चढवून परतलो. मुलगी काही बोलली नाही. फक्त घरी पोचल्यावर म्हणाली, "बाबा, तो कॉक कुठे आहे हे मला आधी एकदा दाखवायचंस." 

मे महिन्यातल्या उधाणाच्या भरतीला बोट किनाऱ्यावर घेतली. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर घेऊन शाकारतात, तसंच हे. आता सात कॉकची दुरुस्ती आम्ही कशी केली, ते थोडक्यात सांगतो.

पहिलं काम पान्याचं नव्हतं, करवतीचं होतं. केबिनमधल्या एका बिछान्याच्या डोक्याशी प्लायवुडची भिंत होती. तिच्यापलीकडेच तो कॉक. त्या भिंतीला एक फूट लांब-रुंद झरोका कापला आणि त्याला दार बसवलं. बत्तीस वर्षांत कुणालाही हे सुचलं नव्हतं, मलाही नाही. सुंदर सागवानी भिंत कापायला जीव होत नाही, हे कारण. पण आधी वाट करावी, मग दुरुस्ती. नाहीतर आज केलेली दुरुस्ती शेवटचीच ठरते.

मग जुना कॉक काढला. तो साधा घरगुती पाण्याचा पितळी बॉल व्हॉल्व निघाला, आधीच्या कुणीतरी बसवलेला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो. बाहेरून वस्तू शाबूत दिसते. चाकूने खरवडली की पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो. आमच्या मोडलेल्या नळीच्या कडा अशाच गुलाबी होत्या, दाबल्यावर बिस्किटासारख्या भुरभुरल्या. आपल्याकडचं पाणी उबदार, त्यामुळे हे काम लवकर होतं. तिथे गनमेटलचा कॉक बसवला, फायबरच्या तळावर थेट न बसवता आत जाड तक्तपोशी देऊन, म्हणजे दांड्यावरचा जोर तळावर पसरतो.

बाकीच्यांपैकी चार कॉक जुन्या इंग्लिश पद्धतीचे होते, आत निमुळता गट्टू असलेले. हे कधीही चांगले, कारण ते उघडून दुरुस्त करता येतात. दोन नट सैल करून गट्टू बाहेर काढायचा. रॉकेलने जुनं ग्रीस धुवायचं. बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून तो आपल्या जागेत अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे फिरवायचा. पुसून पाहायचं. सगळीकडे सारखा राखाडी पट्टा दिसला की गट्टू नीट बसतोय. जास्त घासायचं नाही, नाहीतर गट्टू खाली उतरतो आणि भोकासमोर भोक येत नाही. पेस्टचा कण न् कण धुवून काढायचा, पाण्याने न धुपणारं ग्रीस चोपडायचं आणि नट इतपतच आवळायचे, की दांडा हाताने फिरला पाहिजे. होजवर एकाऐवजी दोन क्लिपा. आणि किनाऱ्यावर असतानाच प्रत्येक कॉकला पायाने जोर देऊन पाहायचं. मोडायचा असेल तर तिथेच मोडू दे.

शेजारी एक वयस्क नाखवा आपल्या होडीला रंग देत होते. माझी धडपड बघून म्हणाले, "साहेब, होडीला भोक पाडलंत ना, मग रोज त्याला विचारायचं, बाबा, कसा आहेस?" रोज नाही, पण तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा विचारतो. सातही कॉक बंद करायचे, उघडायचे. प्रत्येक कॉकला त्याच्या मापाचं लाकडी बूच दोरीने बांधलेलं आहे. केबिनच्या दारामागे नकाशा चिकटवला आहे. आणि बोटीवर नवीन माणूस आला, की चहाच्या आधी त्याला सातही कॉक दाखवायचे, मग दिवे घालवून शोधायला लावायचे. पाहुण्यांना हे जरा चमत्कारिक वाटतं. मुलगी आता तिच्या मुलाला घेऊन येते. तो सहा वर्षांचा आहे. सातपैकी पाच कॉक त्याला अंधारात सापडतात.

माझा खांदा पुढे बरा झाला. पण तो कॉक आता माझ्यावर सोडलेला नाही, कुणालाही तो बंद करता येतो. याचा मला आता जास्त अभिमान वाटतो.

तुमच्यापैकी फार थोड्यांकडे बोट असेल. पण पाण्याचा मुख्य कॉक सगळ्यांच्या घरात आहे. बहुधा मोरीच्या वर, माळ्यावर, किंवा जुन्या सुटकेसच्या मागे. आज जाऊन तो कुठे आहे ते पाहा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. हलक्या हाताने फिरवून पाहा. फिरला तर उत्तम. नाही फिरला तर जोर लावू नका, घर कोरडं आहे तोवर प्लंबरला बोलवा. आणि हो, ती सुटकेस पुन्हा त्याच जागी ठेवू नका.