खंदक कोणी खणला?



कामगार संघटनेचा माणूस आज आयर्लंडच्या जुन्या किल्ल्यांवर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. मी शाळा थोडी शिकलो. बाकीचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्री काम आटोपल्यावर झाले. परंतु मजुरांत आयुष्य गेल्यामुळे एक सवय जडली आहे. कोणतेही बांधकाम दिसले, की ते कोणाच्या नावाचे हे विचारण्याआधी ते कोणाच्या हातचे, हे मी विचारतो.

किल्ला म्हटले की आपल्यापुढे बुरूज आणि तोफा उभ्या राहतात. हे किल्ले तसे नव्हेत. सुमारे शंभर फूट व्यासाचे एक वर्तुळ, भोवती खंदक, आणि खंदकाच्या मातीचाच आतल्या बाजूला घातलेला बांध. असे सुमारे ४५,००० आयर्लंडमध्ये नोंदले गेले आहेत. बहुतेक इसवी सन ६०० ते ९०० या काळातले. तिकडे त्यांना ‘राथ’ म्हणतात. आत राजा क्वचितच असे. बहुधा शेतकऱ्याचे बिऱ्हाड आणि त्याची गुरे असत.

अँट्रिम परगण्यात डियर पार्क फार्म्स नावाची जागा आहे. तेथे १९८४ ते १९८७ या काळात ख्रिस लिन यांनी उत्खनन केले. ओल आणि वर साचलेली माती यांमुळे तेथे लाकूडसुद्धा कुजले नव्हते. हेझलच्या फोकांनी विणलेल्या कुडाच्या गोल भिंती सापडल्या. भिंत दुहेरी, आणि थंडी अडावी म्हणून मधल्या पोकळीत गवतकाडी भरलेली. मध्ये चूल, कडेला डहाळ्या पसरून केलेले बिछाने. दाराची चौकट ओकची. तिच्या लाकडातील वर्षवलये मोजून झाड इसवी सन ६४८ मध्ये तोडल्याचे ठरले. निळा रंग देणाऱ्या वनस्पतीचे अवशेष मिळाले, आणि माणसाच्या अंगावरच्या उवाही मिळाल्या! राजांच्या वंशावळीत उवांना जागा नसते. मातीने मात्र त्या जपल्या.

मातीने जे सांगितले नाही, ते त्या काळचा कायदा सांगतो. इसवी सन ७०० च्या सुमाराचा ‘क्रीथ गबलाख’ नावाचा एक ग्रंथ आहे. कोणत्या पायरीच्या माणसाचे घर केवढे, हे त्यात फुटांत दिले आहे. लहान शेतकऱ्याचे घर एकोणीस फूट, राजाचे सदतीस. त्या लहान शेतकऱ्याकडे अख्खा नांगर नसे, त्याचा चौथा हिस्सा असे. भट्टी आणि गिरणी यांतही वाटाच. आपण जिला सावड म्हणतो, तिच्याजवळचीच ही रीत.

आता खंदकाकडे येऊ. सरदार शेतकऱ्याला गुरे देई. बदल्यात शेतकरी धान्य, मांस आणि अंगमेहनत देई. राजाच्या घराभोवतीचा तट ही त्याच्या अंकित कुळांनी घालून द्यायची मेहनत होती, आणि तोच त्याच्या मोठेपणाचा पुरावा मानला जाई. म्हणजे बांधाची उंची शत्रूच्या भीतीपेक्षा राबणाऱ्या हातांची संख्या अधिक सांगत असे.

त्याही खाली एक पायरी होती. किंमत मोजण्याच्या त्यांच्या एका मापाचे नाव होते ‘कुमल’. या शब्दाचा मूळ अर्थ दासी. जमिनीचे मोल आणि गुन्ह्याची भरपाई ठरवताना एका बाईचे नाव मापासारखे वापरले जाई. तिचे स्वतःचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे शेकडो वर्षे लोकांनी ही वर्तुळे पऱ्यांची घरे मानली आणि भीतीपोटी त्यांना नांगर लावला नाही. विसाव्या शतकात यंत्रे आली, भीती ओसरली, आणि कित्येक राथ सपाट झाले. गेलेल्या बांधाबरोबर तो घालणाऱ्यांची साक्षही गेली. राजांचे लिहिलेले आहे; त्यांचे काही होत नाही. ज्यांचे लिहिलेले नाही, त्यांचा इतिहास चूल, कूड आणि खंदक एवढ्यातच आहे. म्हणून ही माती विचारपूर्वक उकरली पाहिजे, असे मला वाटते.