बांबूचे सूत्र आणि खांबाचा हिशोब
(गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही राज्य सरकारी नोकरीतले डिप्लोमावाले; पुलांचे पाईल हे आमचे काम. पाईल वरून किती भार घेतो हे सगळे विचारतात. बाजूने ढकलला तर किती सरकतो, हे फार थोडे विचारतात. समुद्रातल्या पवनचक्कीत मात्र तोच मुख्य प्रश्न, कारण वारा आणि लाटा आडव्याच येतात.

मांडवाचा लांब बांबू खोल रोवून हलवा. वर वाकतो, तळ जागचा हलत नाही. आता फाटकाचा आखूड, जाड खांब ढकला. तो अख्खा कलतो आणि त्याचा तळ उलट्या दिशेला सरकतो.

जुने सूत्र बांबूचे आहे. मातीच्या जागी पाईलला लागून ओळीने स्प्रिंगा धरायच्या. वाळूतल्या स्प्रिंगा टेक्सासच्या मस्टँग बेटावरील चाचण्यांतून ठरल्या. तिथले पाईल ६१ सेंटीमीटर व्यासाचे आणि जमिनीत सुमारे २१ मीटर. आज पवनचक्कीचा पोलादी पाईल ८ ते १० मीटर व्यासाचा असतो आणि जमिनीत व्यासाच्या जेमतेम तीन-चार पट जातो. म्हणजे तो खांबच!

म्हणून युरोपात 'पिसा' प्रकल्पात इंग्लंडच्या कॉडनला कडक चिकणमातीत आणि फ्रान्सच्या डंकर्कला घट्ट वाळूत २ मीटर व्यासापर्यंतचे पाईल प्रत्यक्ष ढकलून पाहिले. जाड पाईलला जुन्या हिशोबापेक्षा जमिनीचा आधार जास्त मिळतो, असे दिसले. नव्या हिशोबात पाईलच्या अंगावरचे घर्षण आणि तळाचा विरोधही धरतात.

यात नुसते पोलाद वाचत नाही. पवनचक्कीच्या पायाला आयुष्यभरात साधारण अर्धा अंशच कलण्याची मुभा असते. शिवाय जमिनीच्या ताठपणाचा अंदाज चुकला, तर मनोऱ्याचे डोलणे पात्यांच्या फिरण्याच्या तालाशी जुळू शकते. मग धातू थकतो.

आता आपल्या गुजरातकडे येऊ. २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांना अर्थसाहाय्य मंजूर केले. कॉडनची माती आपल्या समुद्रतळाची माती नव्हे. पुलावर आम्ही दोन पाईलमध्ये जॅक लावून ५ मिलिमीटर सरकेपर्यंतचा भार मोजतो, तेव्हाच पुस्तकातल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. समुद्रातही तेच करावे लागेल.

आपल्या घरातली इंजिनिअर मुले उद्या हे काम करतील. त्यांना एवढेच सांगणे: सूत्र वापरण्याआधी ते कोणत्या मातीत, किती जाडीच्या पाईलवर तपासले, ते विचारा.

गणपती बाप्पा मोरया!