भिंतीतलं घड्याळ

मुलांच्या हाती भीतीच्या गोष्टी द्याव्यात का, असं पालक नेहमी विचारतात. मी एक पुस्तक सुचवते. अमेरिकन लेखक जॉन बेलेअर्स यांची कादंबरी, 'द हाउस विथ अ क्लॉक इन इट्स वॉल्स'. ती १९७३ साली आली. आत एडवर्ड गोरींची अंगावर काटा आणणारी चित्रं.

साल १९४८, मिशिगनमधलं छोटं गाव. आईवडील अपघातात गेलेला दहा वर्षांचा लुईस काकांकडे राहायला येतो. काका जादूगार आणि प्रेमळही. पण रात्री घरभर हिंडत भिंतींना कान लावतात. आत कुठंतरी घड्याळ टिकटिकत असतं! ते कशासाठी बसवलंय, हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही.

मला मात्र घड्याळापेक्षा लुईसच्या चुकीची भीती जास्त वाटते. एकुलता एक मित्र दुरावू नये म्हणून तो स्मशानभूमीत नको तो मंत्र म्हणतो, आणि काकांपासून लपवतो.

माझे दीर-जाऊ गेले, तेव्हा पुतण्या आमच्याकडे आला. जेमतेम बोलायचा. रात्री मी त्याला ही गोष्ट मराठीत सांगत असे. त्या प्रकरणाशी त्यानं विचारलं, "काकू, आता काका याला घालवून देतील?" म्हटलं, "पुढं ऐक."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलेली, आठवडाभर दप्तरात दडवलेली चिठ्ठी त्यानं माझ्या हातात ठेवली.

थोड्या मोठ्या मुलांना नारायण धारप आहेतच. फक्त ते रात्री देऊ नका. आमच्याकडे दोन वाजेपर्यंत दिवा जळत होता.