मॅकार्टनीच्या दोन बेस गिटार

बीटल्सची गाणी ऐकताना कान आधी आवाजाकडे जातो आणि खालून चालणारा बेस ऐकायचा राहून जातो. तो वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीच्या दोन गिटारींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिली होफ्नर, १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये साधारण ३० पौंडांना घेतलेली. पॉल डावखुरा. व्हायोलिनच्या आकाराची ही गिटार दोन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे उलटी धरली तरी विजोड दिसत नाही. आतून पोकळ, म्हणून हलकी. तारेची लांबी ३० इंच, त्यामुळे बोटं सहज फिरतात. स्वर गोल, मऊ आणि लवकर विरणारा.

दुसरी रिकनबॅकर, १९६५ मध्ये कंपनीनंच दिलेली. भरीव मेपल लाकडाची, मान थेट अंगातून आरपार गेलेली, तारा सव्वातेहतीस इंची. इथं स्वर टिकतो, टोकदार उमटतो. १९६६ च्या ‘पेपरबॅक रायटर’मध्ये तर बेस चक्क पुढे येऊन उभा राहतो! ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी त्यासाठी एका लाउडस्पीकरचाच मायक्रोफोनसारखा उपयोग केला होता. स्टुडिओत रिकनबॅकरच सरस, असं मला ठामपणे वाटतं.

तरी १९६९ मध्ये लंडनमधल्या एका गच्चीवर झालेल्या बीटल्सच्या मैफलीत पॉलच्या गळ्यात होफ्नरच होती, पण नंतरची दुसरी. हॅम्बुर्गची ती पहिली गिटार मात्र १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली. ती सापडून पॉलकडे परतल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं.