धन्वंतरी, वैद्यनाथ आणि वैजनाथ
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण आला की आपल्याकडे म्हणतात, "साक्षात धन्वंतरी आहे हो!" धन्वंतरी हे मूळचे देवाचे नाव. समुद्रमंथनातून अमृताचा कलश घेऊन वर आला तो हा देवांचा वैद्य. पुढे त्याचे नाव हाच शब्द झाला आणि प्रत्येक निष्णात वैद्य धन्वंतरी ठरला. असे इतरत्रही झाले आहे. ग्रीक लोकांची आरोग्यदेवता हायजिया. स्वच्छतेला इंग्रजीत 'हायजीन' म्हणतात ते तिच्याच नावावरून.

आपल्या बीड जिल्ह्यात परळीला मात्र उलटे घडले. 'विद्' म्हणजे जाणणे, त्यावरून वैद्य. आणि त्या शब्दावरून महादेवाचे नाव वैद्यनाथ. देवांनी धन्वंतरी व अमृत या लिंगात लपविले, दैत्यांनी हात लावताच ज्वाळा निघाल्या, भक्तांनी स्पर्श करताच अमृतधारा वाहिल्या, अशी तेथील कथा आहे. लिंगाला हात लावून दर्शन घेण्याची परंपरा त्यातूनच आली असे सांगतात. या मंदिराचा जीर्णोद्धार १८ व्या शतकात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी केला.

आता 'वैजनाथ' या उच्चाराबद्दल. शिकलेली मंडळी त्याला अशुद्ध म्हणून हसतात. हसण्याचे काही कारण नाही. 'अद्य'चे 'आज' झाले, 'विद्युत्'ची 'वीज' झाली, त्याच वाटेने 'वैद्य'चा 'वैज' झाला. प्राकृतात वैद्याला 'वेज्ज' म्हणत. गोव्याच्या कोंकणीत 'वैज' हा शब्द आहेच. परळीच्या स्टेशनचे नावही परळी वैजनाथच. तेव्हा शाळेच्या दाखल्यावर मुलाचे नाव वैजनाथ असेल तर ते खोडून वैद्यनाथ करू नये. दाखल्यावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरे झाले की कचेरीचे हेलपाटे पडतात, ते वेगळेच!

धन्वंतरीच्या मूर्तीत एका हाती जळू दाखवितात. जळू म्हणजे दूषित रक्त काढण्याचे वैद्याचे साधन. देवाच्या हातीसुद्धा उपचाराचे साधन आहे, हे ध्यानात घ्यावे. साप चावलेल्या माणसाला देवळाच्या पायरीवर निजवून वेळ घालवू नये. त्याला तडक दवाखान्यात न्यावे. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. नवस मागाहून फेडता येतो.

वैद्य मंडळी धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा करतात. त्या दिवशी प्रसाद असतो कडुनिंबाच्या पानांचा आणि साखरेचा.