ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं नाव

झगा-टोपी घालून घामाघूम झालेल्या माझ्या पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

रहाटणीत पूर्वी कुठे शेतं होती आणि कुठल्या विहिरीत आम्ही पोहायला शिकलो, हे सांगायची माझ्या वयाच्या माणसांना खोड असते. ती आज आवरतो. वडिलांपासून सुरुवात करतो, कारण माझा विषय त्यांच्या खिशात होता.

वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. खिशात नेहमी एक चौपदरी घडीचं, तेलाचे डाग पडलेलं ड्रॉइंग. उजव्या कोपऱ्यात खाली चौकट: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. शेजारी बारीक अक्षरात ताकीद, की हा कागद कंपनीच्या मालकीचा आहे, नक्कल करू नये. लहानपणी मी त्या चौकटीत वडिलांचं नाव शोधायचो. ते कधीच नव्हतं. लेथवर जॉब करणाऱ्यासाठी तिथे रकानाच नसतो. चाकणपासून पिंपरीपर्यंत हा सगळा पट्टा असाच चालतो. गाडीचे भाग पन्नास ठिकाणी घडतात आणि बॉनेटवर नाव एकाचंच असतं. ही तक्रार नाही, त्याच पगारावर मी शिकलो.

पण तुमच्यातले निम्मे संगणकाकडे जाणार आहेत, आणि तिथे अशी एक दुनिया आहे जिथे ड्रॉइंग सगळ्यांसाठी उघडं असतं आणि कोपऱ्यातल्या चौकटीत टर्नरचंही नाव येतं. तिला आपण मुक्तस्रोत म्हणतो. मी ज्या प्रकल्पाला हातभार लावतो त्याचं नाव पीअरट्यूब. व्हिडिओ ठेवण्याचा, दाखवण्याचा, वाटण्याचा मंच. फ्रान्समधली फ्रामासॉफ्ट ही ना-नफा संस्था तो सांभाळते. २०१८ मध्ये त्यांनी लोकांकडे २० हजार युरो मागितले, ५३ हजारांहून अधिक जमले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली पक्की आवृत्ती आली. त्यानंतरही कित्येक वर्षं त्यावर पूर्णवेळ पगारी प्रोग्रामर एकच होता. बाकी काम तुमच्या-माझ्यासारख्यांनी फावल्या वेळात केलेलं.

हा मंच म्हणजे एक संकेतस्थळ नव्हे. कुणीही आपल्या सर्व्हरवर तो बसवावा, आपले नियम ठेवावेत. हे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या खुल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात, त्यामुळे पिंपरीच्या सर्व्हरवरचा व्हिडिओ पॅरिसच्या सर्व्हरवरून पाहता येतो. आणखी एक गंमत आहे. एकाच वेळी बरेच जण तोच व्हिडिओ पाहत असतील, तर प्रत्येकाचा ब्राउझर आलेले तुकडे शेजारच्याला पुढे देत राहतो. पंप यायच्या आधी आपल्याकडे स्लॅब कसा पडायचा, आठवा. खाली मिक्सर एकच, पण घमेली हातोहात वर जायची. तेच हे. गर्दी वाढली की ओझं एकट्या सर्व्हरवर पडत नाही.

एवढा खटाटोप कशाला, फुकटचा मंच हाताशी असताना? माझ्या एका मित्राने चार वर्षं लेथवरच्या कामाचे मराठीत व्हिडिओ केले. चकात जॉब डायल कसा करायचा, आटे कापताना टूल का तुटतं, टेपर का येतो. आयटीआयची पोरं ते पाहून शिकत. व्हिडिओ एका बड्या मंचावर होते. एका सकाळी खातं बंद. कारण म्हणून आलेल्या मेलमध्ये कारण सोडून सगळं होतं, आणि उत्तर पाठवलं तर पुन्हा तोच मेल. चार वर्षांच्या कामावर त्याचा हक्क किती, हे त्याला त्या दिवशी कळलं. मूळ फायली एका हार्डडिस्कवर होत्या म्हणून वाचल्या. आम्ही दोघांनी मिळून पीअरट्यूब बसवलं. सोपं होतं असं सांगणार नाही. एकेक व्हिडिओ वेगवेगळ्या आकारांत बदलताना तो संगणक असा तापायचा, की मित्राची आई म्हणाली, यावर पापड भाजू का?

व्हिडिओ खुले ठेवण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प पाहा. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे. पडद्यावरचं चित्र तेच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केलेलं. संहिता उघड्यावर, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा. तुमच्यापैकी काहींनी लायनक्स तिथूनच शिकलं असेल.

आता हातभार कसा लावायचा. पोरं मला विचारतात, सर, आधी कोणती भाषा शिकू? मी म्हणतो, आधी तक्रार लिहायला शिक. वडील रिजेक्शनची चिठ्ठी आली की दोन प्रकार करायचे. ‘पार्ट खराब’ एवढंच लिहिलं असेल तर चिठ्ठी चुरगाळायचे. पण ‘तिसऱ्या जॉबपासून बोअर पाच शतांश मोठा येतोय’ असं लिहिलं असेल तर लगेच मशीनकडे जायचे. सॉफ्टवेअरचं तंतोतंत तसंच आहे. ‘व्हिडिओ चालत नाही’ ही बातमी झाली. कोणती आवृत्ती, कोणता ब्राउझर, काय केल्यावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, ही तक्रार. चांगली तक्रार म्हणजे अर्धी दुरुस्ती, आणि तिला एक ओळ कोडही लागत नाही.

दुसरं काम भाषांतराचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पीअरट्यूबचं भाषांतर वेबलेट नावाच्या साधनावर ब्राउझरमध्येच होतं. मला वाटलं, दोन रविवारांचं काम. मग वाक्य आलं: अमुक वापरकर्ता तुमच्या वाहिनीचा सदस्य झाला. झाला की झाली? संगणकाला माणसाचं लिंग ठाऊक नसतं, आणि मराठी क्रियापद ते विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. पुढे गावाचं नाव आपोआप भरलं जाणारी जागा. ‘चाकण’ला ‘मध्ये’ जोडलं की ‘चाकणमध्ये’, चाललं. ‘पुणे’ला जोडलं की ‘पुणेमध्ये’, आणि माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. सामान्यरूप यंत्राला येत नाही. मग वाक्यच फिरवायचं. ‘नवे सदस्य:’ लिहून पुढे नाव, ‘ठिकाण:’ लिहून पुढे गाव. ही युक्ती जगातला कितीही मोठा प्रोग्रामर तुम्हाला देणार नाही. ती मराठीत वाढलेल्या माणसालाच सुचते. आपल्या ‘ॲप’मधला ॲ घ्या. युनिकोड या संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात त्याला स्वतःची जागा मिळाली २००८ साली. तोवर अ वर चंद्र चिकटवून भागवत होतो. कुणीतरी बसून ते मांडलं, म्हणून झालं.

कोडचं सांगायचं तर माझी पहिली दुरुस्ती परत आली. दुसरीही. तिसऱ्यांदा तपासणाऱ्याने सतरा ठिकाणी खुणा केल्या. मी चिडून वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, ‘रिवर्कला आलंय ना? भंगारात नाही ना गेलं? मग बस आणि कर.’ चौथ्यांदा घेतलं गेलं. पाच ओळी होत्या. पण ओळ कोणी बदलली, कधी आणि का, याची नोंद गिट नावाच्या साधनात राहते. त्यांना मोबाइलवर ती नोंद दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘कोपऱ्यात नाव आहे की.’

एक योगायोग सांगतो. एका प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींपुढचा १९ सेकंदांचा तो पहिला यूट्यूब व्हिडिओ आला २३ एप्रिल २००५ ला. लायनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं तेही त्याच एप्रिलमध्ये. एकाने कोण किती पाहतं ते मोजलं, दुसऱ्याने कोणी काय केलं ते लिहून ठेवलं. दोन्ही तुमच्या पिढीबरोबरच वाढले आहेत.

खोटी आशा दाखवत नाही. यातून पगार मिळेलच असं नाही, लाखो प्रेक्षकही मिळणार नाहीत. नोकरी करा, शिफ्ट करा, घरी पैसे द्या. पण इथे केलेलं काम उघडंच राहतं, कारण पीअरट्यूबचा परवाना एजीपीएल आहे. त्याचा अर्थ, कुणी हे सॉफ्टवेअर बदलून सर्व्हरवर चालवलं, तर बदललेलं कोडही वापरणाऱ्यांना खुलं करावं लागतं. वडिलांच्या ड्रॉइंगवर ‘नक्कल करू नये’ होतं. इथे नेमकं उलटं लिहिलंय: नक्कल करा, सुधारा, पण पुढच्यापासून लपवू नका.

माझ्या मित्राचा सर्व्हर काळेवाडीत त्याच्या घरी आहे. व्हिडिओंना मराठी उपशीर्षकं हवीत, भाषांतर तपासायला नजर हवी, आणि मिलिंग मशीनवर बोलू शकेल असं कुणीतरी हवं. कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी थांबणार आहे, पत्ता घेऊन जा. गुरुवार सोडून कधीही या, गुरुवारी तिकडे लाइट नसते.