धडक बसली, आता काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)

 

हेल्मेट आणि सीटबेल्टबद्दल तुम्ही खूप ऐकले आहे. आज मी वेगळ्या अपघाताबद्दल बोलणार आहे. आपल्या दादरा नगर हवेलीचा सुमारे ४० टक्के भाग जंगलाचा आहे. बिबट्या, तरस, सांबर, चितळ हे आपले शेजारीच. गणपतीच्या दिवसांत आपण नातेवाइकांकडून रात्री उशिरा गलोंड्याला परततो. पावसाने रस्त्याकडेचे गवत वाढलेले असते आणि जनावर पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. अशा वेळी धडक बसलीच तर काय करायचे?

१० ऑगस्ट २०२३ची गोष्ट. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात रात्री एका वाघाला मोटारीची धडक बसली. वाघ फरफटत झाडीत शिरला. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. वनखात्याच्या हाती तो दुसऱ्या दिवशी सकाळी लागला आणि नागपूरला नेताना वाटेतच मेला. तो वाचलाच असता असे मी म्हणत नाही. पण जखमी जनावर अंधारात झाडीत गेले की शोधायला किती वेळ जातो, ते यातून कळते. म्हणून धडकेनंतर पहिली काही मिनिटे महत्त्वाची.

पहिली गोष्ट, पळू नका. गाडी पुढे सुरक्षित कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा. गाडीतल्या माणसांना लागले आहे का ते पाहा. मागून येणारी मोटारसायकल पडलेल्या सांबरावर आदळली तर माणूसही जाईल, म्हणून येणाऱ्यांना सावध करा.

दुसरी, जनावराजवळ जाऊ नका. बिबट्या, तरस किंवा रानडुक्कर असेल तर गाडीतून उतरूही नका. निपचित पडलेले जनावर अचानक उठते. हरणाभोवतीही गर्दी करू नका. त्याला पाणी पाजू नका, हॉर्न वाजवू नका, फोटोसाठी टॉर्च मारू नका. भीतीच्या धक्क्यानेही हरीण दगावते.

तिसरी, लगेच कळवा. ११२ क्रमांक देशभर चालतो. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ आहे. कोणते जनावर, जिवंत आहे का, कोणत्या बाजूला गेले, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा गाव कोणते, एवढे सांगा. मोबाईलवरून लोकेशन पाठवा. वनखात्याची माणसे येईपर्यंत सुरक्षित अंतरावर थांबा.

चौथी, काहीही उचलून नेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेले किंवा चुकून मारले गेलेले वन्य प्राणीही सरकारी मालमत्ता असतात. असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनअधिकाऱ्याला कळवावे लागते. “मेलेच आहे, वाया कशाला घालवायचे?” म्हणून रानडुक्कर डिकीत टाकणाऱ्याचा अपघात गुन्ह्यात बदलतो. जखमी पाडसही दयेपोटी घरी आणू नका.

“पण केस झाली तर?” ही भीती मला समजते. चौकशी होईल, जबाब द्यावा लागेल. पण स्वतः फोन करून थांबलेला माणूस आणि नंबरप्लेटवरून शोधून काढलेला माणूस, यांच्याकडे कोणीही एकाच नजरेने पाहत नाही.

आता वेगाबद्दल थोडे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंतच हे अंतर संपते. गाडी थांबायला आणखी ३० ते ३५ मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. ताशी ४० असेल तर कोरड्या रस्त्यावर एकूण २० मीटरच्या आसपास काम भागते. आणि एक हरीण रस्ता ओलांडून गेले की लगेच गाडी दामटू नका. मागे कळप असतो.

दसरा जवळ आला आहे. गाडीला झेंडूचा हार घालाल तेव्हा डिकीत लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर आणि टॉर्च आहे ना, ते बघा. आपल्या भागातल्या वनकार्यालयाचा नंबर आजच मोबाईलमध्ये घालून ठेवा आणि घरातल्या गाडी चालवणाऱ्या मुलामुलींनाही द्या. तो कधी लावावा लागू नये, हीच बाप्पाचरणी प्रार्थना.